प्रस्तावना : एका विद्यापीठाने आपले निसर्गविज्ञान संग्रहालय कसे आखले

ऑक्सफर्ड विद्यापीठाने 1854 साली एका नव्या इमारतीसाठी वास्तुविशारदांकडून आराखडे मागवले. ज्या विषयांसाठी ही इमारत बांधायची होती, त्यांतल्या बहुतेकांना विद्यापीठात तोवर धड खोलीही नव्हती. रसायनशास्त्र जुन्या ॲशमोलियन संग्रहालयाच्या तळघरात शिकवले जाई. शरीररचनेचे नमुने क्राइस्ट चर्च या कॉलेजात होते. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी आयुष्यभर जमवलेले जीवाश्म क्लॅरेन्डन इमारतीत दाटीवाटीने ठेवलेले होते. रेव्हरंड फ्रेडरिक होप यांनी 1849 मध्ये विद्यापीठाला दिलेल्या कीटकांच्या प्रचंड संग्रहाला स्वतःची अशी जागाच नव्हती. ज्या विद्यापीठात शतकानुशतके ग्रीक, लॅटिन आणि धर्मशास्त्र शिकवले गेले, त्याने या साऱ्या पसाऱ्याला एका छताखाली आणायचे ठरवले. ते कसे ठरले, कुणी ठरवले, काय साधले आणि काय हातचे निसटले, याची हकिकत या पुस्तकात आहे.

निसर्गविज्ञान संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सहसा सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जाण्याचे ठिकाण येते: पेंढा भरलेला वाघ, देवमाशाचा सांगाडा, काचेमागची फुलपाखरे. विद्यापीठाचे संग्रहालय वेगळ्या गरजेतून जन्माला येते. तिथला नमुना प्रथम शिकवण्यासाठी असतो, मग संशोधनासाठी आणि त्यानंतर पाहुण्यांसाठी. म्हणून अशी इमारत आखणाऱ्याला आधी काही अवघड प्रश्नांना तोंड द्यावे लागते. विद्यार्थी हाड हातात घेणार की काचेआडून बघणार? भूगर्भशास्त्र प्राणिशास्त्राच्या शेजारी बसवायचे की लांब? रसायनांचा वास आणि आगीचा धोका कुठे ठेवायचा? उद्या संग्रह दुप्पट झाला तर भिंत कोणत्या बाजूची पाडायची? ऑक्सफर्डच्या लोकांनी हे प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे आधी स्वतःला विचारले, काहींची सुंदर उत्तरे काढली आणि काहींकडे चक्क दुर्लक्ष केले. दोन्ही गोष्टी दगड-लोखंडात उतरलेल्या असल्यामुळे आजही तिथे जाऊन तपासता येतात. अभ्यासासाठी ही इमारत मी निवडली ती त्यामुळेच.

या प्रकल्पामागचा माणूस हेन्री ॲक्लंड. ते व्यवसायाने डॉक्टर. 1845 मध्ये क्राइस्ट चर्चमध्ये शरीररचनाशास्त्राचे अध्यापक म्हणून आले आणि लवकरच विद्यापीठात विज्ञानासाठी एक स्वतंत्र घर हवे म्हणून मागे लागले. ॲक्लंड श्रद्धाळू होते. सृष्टीचा अभ्यास म्हणजे सृष्टिकर्त्याच्या हस्ताक्षराचे वाचन, अशी त्यांची मनापासूनची धारणा होती आणि विद्यापीठातल्या बहुसंख्य धर्मगुरू-अध्यापकांपुढे त्यांनी हीच बाजू मांडली. तिचा उपयोग झाला. 1850 मध्ये निसर्गविज्ञानाची स्वतंत्र पदवी परीक्षा मंजूर झाली, आणि परीक्षा आली म्हटल्यावर शिकवण्याची सोय करणे भागच होते. पैसा आला तो विद्यापीठाच्या छापखान्याच्या शिलकीतून. ही शिलक मुख्यतः बायबल छापून जमलेली होती. बायबलाच्या नफ्यातून उभ्या राहिलेल्या या वास्तूत पुढे काय काय बोलले गेले ते आपण पाहणारच आहोत, पण त्या वेळी ॲक्लंड यांना यात कोणतीही विसंगती दिसली नाही, आणि ते त्यांच्या काळाला धरूनच होते.

जागा घेतली ती मर्टन कॉलेजकडून, गावाच्या उत्तर कडेला, आज ज्याला युनिव्हर्सिटी पार्क्स म्हणतात तिथे. तेव्हा ही जागा कॉलेजांच्या गजबजाटापासून दूर, जवळजवळ शेतात होती. आज तिच्या आसपास विज्ञानाच्या प्रयोगशाळा दाटल्या आहेत. संग्रहालय तिथे गेले म्हणून विज्ञान तिथे गेले. कोणत्याही विद्यापीठाच्या आराखड्यात पहिली इमारत कुठे पडते यावर पुढची शंभर वर्षे ठरतात, आणि ऑक्सफर्डच्या नकाशात हे स्पष्ट वाचता येते.

स्पर्धेसाठी आराखडे आले ते नावांनी नव्हे, तर बोधवाक्यांनी, म्हणजे परीक्षकांना वास्तुविशारद कोण ते कळू नये म्हणून. शेवटी दोनच उरले. एक अभिजात इटालियन वळणाचा होता, दुसरा गॉथिक. गॉथिक आराखड्यावर बायबलातल्या एका स्तोत्रातून घेतलेले लॅटिन शब्द होते आणि तो निघाला आयर्लंडच्या डीन आणि वुडवर्ड यांच्या कार्यालयातून. आराखड्याचा खरा कर्ता बेंजामिन वुडवर्ड हा अबोल, प्रकृतीने नाजूक माणूस होता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची संग्रहालयाची इमारत त्याच सुमारास त्याच्या हातून उभी राहत होती. ऑक्सफर्डच्या पदवीधर-सभेत चुरशीचा वाद झाला आणि थोड्या मतांच्या फरकाने गॉथिकची निवड झाली.

वाद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. टोकदार कमानी म्हणजे चर्च, मग प्रयोगशाळेला त्या कशाला, असे अनेकांना वाटत होते. यावर कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे उत्तर तयार होते. ॲक्लंड आणि रस्किन विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. व्हेनिसच्या वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथात रस्किन यांनी नुकतेच 1853 मध्ये मांडले होते की गॉथिक ही गरजेप्रमाणे वाकणारी शैली आहे. खिडकी जिथे हवी तिथे काढा, खोली जिथे वाढवायची तिथे वाढवा, शैली मोडत नाही. त्याहून मोठा मुद्दा असा होता की गॉथिक बांधकामात पाथरवटाला स्वतःचे डोके चालवता येते. अभिजात शैलीत एकच पान शंभर खांबांवर तंतोतंत कोरायचे, आणि रस्किन यांच्या मते ते माणसाला गुलाम करणारे काम होते. मराठी वाचकाला रस्किन माहीत असतात ते बहुधा गांधीजींमुळे. 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या प्रवासात गांधीजींनी वाचलेले आणि पुढे ‘सर्वोदय’ नावाने गुजरातीत आणलेले ‘अन टू धिस लास्ट’ हे निबंध 1860 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, म्हणजे हे संग्रहालय उघडले त्याच वर्षी. श्रमाच्या प्रतिष्ठेचा जो विचार त्या निबंधांत आहे, तो ऑक्सफर्डच्या बांधकामावर आधी आजमावला जात होता.

पायाभरणी 20 जून 1855 रोजी विद्यापीठाचे कुलपती अर्ल ऑफ डर्बी यांच्या हस्ते झाली. आराखडा समजायला सोपा आहे. मध्ये मोठा चौकोनी चौक, त्यावर काचेचे छत, भोवती दोन मजली कमानदार ओवऱ्या आणि ओवऱ्यांमागे वेगवेगळ्या विषयांच्या खोल्या. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात जसे घरातले प्रत्येक माणूस दिवसातून दहादा चौक ओलांडते, तशीच इथली रचना होती. खगोल, पदार्थविज्ञान, खनिजशास्त्र, भूगर्भशास्त्र, प्राणिशास्त्र, शरीररचना, वैद्यक यांच्या खोल्या एकाच चौकाकडे तोंड करून होत्या. आपल्या वर्गातून बाहेर पडलेला विद्यार्थी सहसा दुसऱ्या कुठल्या तरी विषयाच्या नमुन्यांसमोरूनच जाई. ॲक्लंड यांच्या श्रद्धेचा नकाशाच हा. सृष्टी एक आहे, म्हणून तिची शास्त्रेही एका चौकाभोवती नांदली पाहिजेत. या पुस्तकात या नकाशाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण विद्यापीठाचे संग्रहालय आखणे म्हणजे विषयांनी एकमेकांशी कसे वागावे हे आधीच ठरवणे, असे मला वाटते. खिडक्या आणि जिने नंतर येतात.

चौकाबाहेर ठेवला तो एकच विषय, रसायनशास्त्र. वास, धूर आणि स्फोट यांची भीती रास्त होती. वुडवर्डने त्यासाठी बाजूला एक वेगळीच इमारत काढली आणि नमुना घेतला ग्लास्टनबरीच्या मठातल्या मध्ययुगीन स्वयंपाकघराचा, जिथे उंच निमुळत्या छतातून धूर वर निघून जाई. गरज आणि शैली यांची इतकी चपखल सांगड क्वचितच बसते. रस्किन म्हणत होते ते गॉथिकचे लवचीकपण ते हेच.

आता त्या काचेच्या छताकडे वळू, कारण सर्वांत मोठा घोटाळा तिथेच झाला. नमुने नीट दिसायला वरून उजेड हवा, आणि एवढा रुंद चौक झाकायला लोखंड व काच यांशिवाय मार्ग नव्हता. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनातील क्रिस्टल पॅलेसने हे तंत्र सर्वांना दाखवले होते, आणि रेल्वेची स्थानके त्याच पद्धतीने उठत होती. रस्किन यांना ते तंत्र मुळीच आवडत नसे. तोडगा असा निघाला की लोखंडालाही पानाफुलांचे रूप द्यायचे. कॉव्हेंट्रीच्या फ्रान्सिस स्किडमोर यांनी घडीव लोखंडात नाजूक खांब आणि पाने तयार केली. पण त्या खांबांना छताचा भार पेलवेना. उभारलेला सांगाडा उतरवावा लागला आणि ओतीव लोखंडाच्या जाड खांबांवर सगळे नव्याने उभारावे लागले. आज आपण पाहतो ती सायकॅमोर, अक्रोड, ताड यांची घडीव पाने या ओतीव खांबांच्या माथ्यावर बसवलेली आहेत. सुंदर आहेत ती, यात शंका नाही. पण भाराचे गणित सौंदर्यानंतर केले, आणि त्याचा खर्च शेवटी कोरीव कामाच्या वाट्यातून गेला.

मुळात 30 हजार पौंडांच्या मंजुरीत नुसता सांगाडाच बसत होता. कोरीव काम, पुतळे, रंगीत दगड यांसाठी वर्गणी गोळा करायची होती. ओवऱ्यांचे खांब ही यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट. संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक जॉन फिलिप्स हे भूगर्भशास्त्रज्ञ. इंग्लंडचा पहिला भूगर्भीय नकाशा काढणाऱ्या विल्यम स्मिथ यांचे ते भाचे आणि मामाच्याच देखरेखीखाली वाढलेले. ब्रिटिश बेटांतल्या वेगवेगळ्या खडकांचा एकेक खांब त्यांनी निवडला, म्हणजे ग्रॅनाइट, संगमरवर, सर्पेन्टाइन, चुनखडक, आणि प्रत्येकाखाली नाव व ठिकाण कोरवले. असे सव्वाशेच्या आसपास खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर वनस्पतींची कुळे कोरायची होती. ज्या विद्यार्थ्याने एकही पेटी उघडली नाही त्यालाही नुसते ओवरीतून फिरताना खडक आणि वनस्पती यांचा धडा मिळावा, ही कल्पना. भिंत हाच नमुना, खांब हाच पाठ. संग्रहालयाच्या वास्तुकलेत याहून प्रामाणिक कल्पना मला दुसरी माहीत नाही. लंडनच्या 1881 च्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी भाजक्या मातीचे प्राणी भिंतींवर चढवले ते याच वाटेने जाऊन.

ही वाट मुंबईपर्यंतही आली. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई विद्यापीठासाठी आखलेले दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर, किंवा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे बोरीबंदर स्थानक, यांच्या कमानींवरची पाने-पाखरे आपण रोज बघतो. बोरीबंदरचे बरेचसे कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. स्थानिक झाडे-प्राणी दगडात आणायचे, कारागिराच्या हाताला मान द्यायचा, हा विचार रस्किन यांच्या पिढीचाच होता. ऑक्सफर्डमध्ये तो सर्वांत शुद्ध स्वरूपात आणि सर्वांत मोठ्या अडचणींतून राबवला गेला.

अडचण म्हणजे कोरणारी माणसे आणि पैसा. डब्लिनहून वुडवर्डने जेम्स आणि जॉन ओशे हे भाऊ आणि त्यांचा भाचा एडवर्ड व्हेलन यांना आणले. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातून खऱ्या फांद्या त्यांच्यासमोर येत आणि ते पाहून पाहून दगडात पाने काढत. साच्यावरून काम नव्हते, म्हणून एक स्तंभशीर्ष दुसऱ्यासारखे नाही. नेचाची कोवळी गुंडाळी, कमळाचे पान, मध्येच डोकावणारा बेडूक. पण वर्गणी आटली. जेम्स ओशेने एका खिडकीवर माकडे कोरायला घेतली तेव्हा विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी विद्यापीठाच्या मालमत्तेची नासाडी म्हणून हरकत घेतली, अशी हकिकत सांगतात. पुढे त्याने प्रवेशद्वारी पोपट आणि घुबडे कोरली, त्यांत पदवीधर-सभेच्या सदस्यांची ओळख पटत होती आणि म्हणून त्याला ती डोकी छिन्नीने उडवावी लागली, असेही म्हटले जाते. या कथा रंगवलेल्या असतील. पण प्रवेशद्वाराभोवतीचे काम अपुरे राहिले आहे आणि दर्शनी भिंतीवरच्या अनेक खिडक्या आजही साध्याच आहेत, हे प्रत्यक्ष दिसते. आतली उरलेली स्तंभशीर्षे तर 1905 ते 1914 या काळात दुसऱ्या कारागिरांनी पुरी केली. त्यांचा हात सफाईदार आहे, पण ओशे भावांची पाने अजून वाढत असल्यासारखी वाटतात. ज्या कारागिराच्या स्वातंत्र्यासाठी गॉथिकची निवड झाली, त्याच कारागिराला निधी संपल्यावर निघून जावे लागले. ही इमारत आखणाऱ्यांच्या पदरी पडलेले हे सर्वांत मोठे अपयश, असे माझे मत आहे. कोरीव कामाला अंदाजपत्रकात सुरुवातीपासून जागा असती तर ते टळले असते.

इमारत पुरती सजायच्या आधीच तिथे इतिहास घडला. 30 जून 1860 रोजी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात डार्विनच्या सिद्धान्तावर चर्चा झाली. ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स आणि डार्विनचे समर्थक थॉमस हक्सली यांच्यातली ती प्रसिद्ध जुगलबंदी ज्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत झाली, तिथे पुढे वाचनालय व्हायचे होते. प्रत्यक्ष शब्द कुणी टिपून घेतले नाहीत, त्यामुळे कोण काय म्हणाले यावर अजून वाद आहेत. या पुस्तकात त्या प्रसंगाला मुद्दाम थोडीच जागा दिली आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि इमारतीच्या दृष्टीने त्याहून दूरगामी बदल हळूहळू, कुणाच्या फारसे लक्षात न येता झाले.

ते बदल असे. एका चौकाभोवती नांदायला आलेले विषय एकामागून एक बाहेर पडले. पदार्थविज्ञानासाठी 1872 पर्यंत क्लॅरेन्डन प्रयोगशाळा बांधून झाली. शरीरक्रियाशास्त्राने 1880 च्या दशकात आपली स्वतंत्र प्रयोगशाळा मिळवली, आणि त्या प्रयोगशाळेत जिवंत प्राण्यांवर प्रयोग होणार हे ठरल्यावर रस्किन यांनी 1885 मध्ये ऑक्सफर्डच्या कलाध्यापकाच्या पदाचा राजीनामा दिला. ज्या विज्ञानाच्या घरासाठी ते लढले होते, त्या विज्ञानाने त्यांना न पटणारी दिशा घेतली होती. विषय वाढत गेले, प्रत्येकाची यंत्रे मोठी झाली, आणि एका चौकाने सर्वांना सामावून घ्यावे ही अपेक्षा तीस वर्षांतच संपली. ॲक्लंड यांच्या नकाशाची हार झाली, असे म्हणता येईल. मी तसे म्हणणार नाही. कारण विषय गेले तरी नमुने तिथेच राहिले, आणि चौक तर नमुन्यांसाठीच बांधला होता. 1824 मध्ये बकलंड यांनी वर्णन केलेला, शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनोसॉर मेगॅलोसॉरस, आणि ज्याची मऊ ऊती अजून शिल्लक आहे असा जगातला एकमेव डोडो, म्हणजे त्याचे डोके आणि पाऊल, हे दोन्ही आजही याच संग्रहात आहेत. प्रयोगशाळा पन्नास वर्षांत जुनी होते. हाडाची पेटी जुनी होत नाही, उलट नवी तंत्रे आली की तिला नवे प्रश्न विचारता येतात. डोडोच्या त्या अवशेषांतून गेल्या काही दशकांत डीएनए काढता आला, आणि त्यावरून तो कबुतरांच्या कुळातला हे पक्के झाले.

आराखड्यातला आणखी एक शहाणपणा इथे उपयोगी पडला. चौकाच्या तीन बाजूंना खोल्या बांधल्या आणि पूर्वेची बाजू पुढच्या वाढीसाठी राखली होती. 1884 मध्ये जनरल पिट रिव्हर्स यांनी मानवशास्त्राचा आपला संग्रह विद्यापीठाला दिला तेव्हा त्याची इमारत नेमकी याच बाजूला जोडता आली. आजही पिट रिव्हर्स संग्रहालयात जायचा मुख्य रस्ता डायनोसॉरच्या सांगाड्यांमधूनच जातो.

काच मात्र दीडशे वर्षे छळत राहिली. छत गळे. उन्हाने हवा तापे, थंडीत गारठा भरे. थेट येणारा सूर्यप्रकाश कातडी आणि पिसे यांचा रंग उडवतो, हे आज नव्या संग्रहालयाचा कोणताही वास्तुविशारद पहिल्या बैठकीतच सांगेल. 2013 मध्ये संग्रहालय वर्षभर बंद ठेवून छताच्या सुमारे साडेआठ हजार काचा एकेक करून उतरवल्या, धुतल्या आणि नव्याने बसवल्या. वुडवर्डच्या काळी नमुन्याचे आरोग्य हा विषय फारसा नव्हता, उजेडात दिसणे एवढाच होता. आजच्या आखणीत उलट क्रम लावावा लागतो. आधी तापमान, आर्द्रता, कीड, आगीचा धोका, मद्यार्कातल्या बरण्यांसाठी वेगळी खोली, आणि मग पाहुण्यांचा चौक. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बर्क संग्रहालयाची 2019 मध्ये उघडलेली सिॲटलमधली नवी इमारत तर याच्या पुढे गेली आहे. तिथे संशोधकांच्या खोल्यांना काचेच्या भिंती आहेत आणि हाडे साफ करताना, नमुन्यांवर काम करताना माणसे पाहुण्यांना दिसतात. ॲक्लंड यांना ती कल्पना आवडली असती.

आखलेल्या नव्हत्या अशाही काही गोष्टी या इमारतीने दिल्या. मनोऱ्यात हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यांत पाकोळ्यांनी घरटी केली आणि 1948 पासून पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी तिथे त्यांचा अभ्यास सुरू केला. त्या वसाहतीची नोंद अजून चालू आहे. एखाद्या जातीच्या पक्ष्यांचा इतका दीर्घकाळ सलग अभ्यास जगात थोड्याच ठिकाणी झाला असेल.

हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारण आपल्या महाविद्यालयांमधल्या कपाटांत आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्समधला 1906 पासूनचा ब्लाटर वनस्पतिसंग्रह किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेतला बुरशींचा संग्रह यांची नीट निगा राखली जाते. पण अशी कितीतरी कपाटे आहेत जी प्राणिशास्त्र विभागाच्या बोळात, फॉर्मलिन उडून गेलेल्या बरण्यांसह उभी आहेत. नव्या इमारतींचे आराखडे मंजूर होतात तेव्हा त्यांना सहसा जिन्याखालची जागा मिळते. ज्यांच्यावर असे आराखडे करायची किंवा मंजूर करायची जबाबदारी आहे त्यांनी हे पुस्तक वाचावे, अशी माझी इच्छा आहे. त्यांच्या सोयीसाठी शेवटच्या तीन प्रकरणांत खोल्यांची मापे, उजेडाची दिशा आणि साठवणीची सोय यांचा तपशील वेगळा दिला आहे. विशेषतः साठवणीचे प्रकरण त्यांनी आधी वाचले तरी चालेल.

बाकीचे पुस्तक काळाच्या क्रमाने जाते. वुडवर्ड 1861 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिशीत, क्षयाने गेला. आपल्या इमारतीची कोरीव खिडक्यांची भिंत त्याला कधीच पुरी पाहता आली नाही. त्याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण इंग्लंडमधल्या बहुतेक हकिकतींत रस्किन यांचे नाव मोठे होते आणि त्याचे मागे पडते. पहिले प्रकरण मात्र त्याच्याही आधी, 1845 च्या क्राइस्ट चर्चमध्ये, ॲक्लंड यांच्या शरीररचनेच्या खोलीत सुरू होते. तिथे त्यांनी एकेका प्राण्याचे हृदय, फुप्फुस, डोळा असे क्रम लावून नमुने मांडायला घेतले होते, आणि दोनच वर्षांत त्यांना जागा कमी पडू लागली होती.